अखेरच्या मुक्कामावरील शुश्रूषा

गतवर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनास गेलों असतां वरच्या वर्गांतील एका मुलीनें आम्हांस विचारलें, “रोगी बरा व्हावा म्हणून नर्स असते, मग जो बरा व्हावयाचाच नाहीं, त्याच्यापाशीं आपण दिवसभर करतां तरी काय?” तिची आई शेजारींच उभी होती. तिनें मुलीस डोळ्यांनींच दटावलें. मुलीनें पुढें हेंच शिक्षण घ्यावें कीं नाहीं, यावर त्यांच्या घरीं वाद चालू होता, असें मागाहून कळलें. दाराशीं उभ्या उभ्या जें नीट सांगतां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहों.

आमच्या कामाच्या ठिकाणास हॉस्पिस म्हणतात. हा शब्द मूळचा यात्रेकरूंच्या विसाव्याचा. आपल्याकडील धर्मशाळेच्या जवळचा. लंडनच्या हॅक्नी भागांत आयरिश धर्मभगिनींनीं १९०५ सालीं मरणोन्मुख रोग्यांसाठीं सेंट जोसेफ हॉस्पिस काढलें. परंतु आज आम्ही ज्या रीतीनें काम करितों, ती घालून दिली सिसिली साँडर्स या बाईंनीं. १९१८ सालीं जन्मलेल्या या बाई महायुद्धाच्या काळांत नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सुटलें, तेव्हां त्या रुग्णालयांत रोग्यांच्या घरगुती अडचणी पाहण्याचें काम करूं लागल्या. तेथें त्यांस डेव्हिड तास्मा नांवाचा, पोलंडमधून आलेला एक ज्यू रोगी भेटला. उपाहारगृहांत वाढप्याचें काम करणारा, परक्या शहरांत एकाकी, कर्करोगानें खंगलेला. अशा माणसांसाठीं एक घर असावें, असें त्या दोघांचें बोलणें होई. १९४८ सालीं तो वारला; मरतांना त्यानें बाईंस पांचशें पौंड ठेविले व आपण त्या घराची एक खिडकी होऊं, असें सांगितलें. बाईंनीं पुढें वैद्यकाचा अभ्यास केला, १९५७ सालीं त्या डॉक्टर झाल्या, आणि १९६७ सालीं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलें. खिडकी आधीं मिळाली व भिंती उभ्या राहण्यास एकोणीस वर्षें लागलीं! २००५ सालीं बाईंनीं त्याच घरांत देह ठेविला.

त्यांच्या शिकवणींतील मुख्य गोष्ट अशी कीं, वेदना उठण्याची वाट पाहूं नये. पूर्वीं रोगी कण्हूं लागला, त्यानें हात जोडले, म्हणजे मग सुई टोचीत. औषध उतरे, पुन्हां कळ, पुन्हां विनवणी. यांत रोग्याचा सारा दिवस घड्याळाकडे पाहण्यांत जाई. आतां घड्याळ आम्ही पाहतों. मॉर्फीन दर चार तासांनीं, बहुधा पोटांतूनच, कळ येण्याच्या अगोदर दिलें जातें. त्यानें बद्धकोष्ठ हटकून होतो, म्हणून सोबत रेचकही द्यावें लागतें. हें जी नर्स विसरते तिचा रोगी एका दुःखांतून दुसऱ्यांत पडतो. ‘अफूची संवय लागेल’ असें म्हणून घरचीं माणसें गोळी लपवून ठेवितात, हें आम्हीं कितीदां तरी पाहिलें आहे. असह्य वेदनेसाठीं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दिलेल्या मॉर्फीनचें व्यसन सहसा लागत नाहीं, हें त्यांस समजावून सांगणें हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. आपल्या देशांत १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांची इतकी कटकट झाली कीं, रुग्णालयांतूनही हें औषध जवळजवळ नाहींसें झालें. २०१४ सालीं कायदा दुरुस्त होऊन वाट थोडी मोकळी झाली. मध्यंतरीं किती माणसें विव्हळत गेलीं असतील, याचा विचार आम्हांस रात्रपाळींत येतो.

भारतांतील पहिलें हॉस्पिस म्हणजे मुंबईस वांद्र्याचें शांति आवेदना सदन. डॉ. डिसोझा यांनीं तें १९८६ सालीं स्थापन केलें. पुढें त्याच्या शाखा गोव्यास व दिल्लीस झाल्या.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. आम्ही करितों तीं कामें लहान आहेत. जो कुशीवर वळूं शकत नाहीं, त्यास साधारणतः दर दोन तासांनीं वळवावें लागतें, नाहींतर पाठीस व माकडहाडास जखमा होतात. कोरडें पडलेलें तोंड बोटास ओलें फडकें गुंडाळून पुसावें लागतें. आपल्याकडे तंबाखूपायीं तोंडाचे कर्करोग फार. त्या जखमेस अशी दुर्गंधी येते कीं, नातवंडें आजोबांच्या खोलींत पाऊल टाकीत नाहींत. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर लाविली कीं, बहुधा थोड्याच दिवसांत वास कमी होतो. नातू खाटेपाशीं येऊन बसला, कीं त्या दिवशीं आमचें काम झालें.

सर्वांत अवघड प्रसंग जेवणाचा. “दोन घांस तरी खा” म्हणून मुलगी रडते, आणि रोगी तोंड मिटून घेतो. देह मिटत असतां त्यास अन्न नकोसें होतें. बळेंच भरविलेलें पाणीही श्वासनलिकेंत जाऊं शकतें. “तुम्ही आईला उपाशी मारतां काय?” असें आम्हांस तोंडावर विचारलेलें आहे. अशा वेळीं वाद न घालतां त्या मुलीच्या हातीं ओला कापूस देऊन ‘आईचे ओठ भिजवा’ म्हणून सांगावें, हें आम्ही उशिरानें शिकलों.

त्याहून उशिरानें शिकलेली गोष्ट सांगतांना लाज वाटते. नोकरीच्या पहिल्याच वर्षीं जबड्याचा कर्करोग झालेले एक वृद्ध गुरुजी आमच्याकडे होते. घरच्यांनीं निक्षून बजावलें होतें, “त्यांना कांहीं कळतां कामा नये.” एका रात्रीं त्यांनीं आमचा हात धरून विचारलें, “बाई, मी यांतून उठत नाहीं ना?” आम्ही गांगरलों व म्हटलें, “असें काय बोलतां गुरुजी! चार दिवसांत खडखडीत बरे व्हाल.” त्यांनीं हात सोडला, भिंतीकडे तोंड केलें, आणि पुन्हां कोणासच कांहीं विचारलें नाहीं. नऊ दिवसांनीं ते गेले. उशीखालीं एक पोस्टकार्ड सांपडलें. पत्ता लिहिलेला, मजकूर कोरा. तें त्यांच्या पत्नीच्या हातीं दिलें, तेव्हां त्या म्हणाल्या कीं, हा धाकट्या मुलाचा पत्ता. बारा वर्षें बापलेकांत अबोला होता.

आतां कोणीं तसें विचारलें, तर आम्ही खाटेशेजारीं बसतों व म्हणतों, “आपणांस काय वाटतें?” पुष्कळांस ठाऊकच असतें, त्यांस फक्त ऐकणारें माणूस हवें असतें. कोणास ऐकावयाचें नसेल, तर त्याच्यावर सत्य लादीत नाहीं. पण खोटें बोलत नाहीं. पोस्टकार्डें मात्र टेबलाच्या खणांत ठेवितों.

त्या मुलीच्या आईची भीति आम्हांस कळते. कोंवळ्या वयांत एवढीं मरणें पाहून मन करपणार नाहीं काय? कांहींजणींचें करपतें. त्या वर्षादोन वर्षांत दुसरीकडे जातात, आणि त्यांत कमीपणा मानूं नये. आमच्याही डोळ्यांस पाणी येतें. पगार बेताचा, रात्रपाळ्या फार. परंतु येथें हंसणेंही असतें. क्रिकेटचा निकाल ऐकल्यावांचून औषध न घेणारे आजोबा असतात, आणि वेणी नीट घातली नाहीं म्हणून आम्हांवर रुसणाऱ्या आजीही.

शेवट बहुधा शांतपणें येतो. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर डाग उमटतात, श्वास थांबत थांबत चालतो. घशांत घरघर लागली तर रोग्यास एका कुशीवर करितों, आणि घाबरलेल्या माणसांस ‘यांत त्यांस त्रास होत नसावा’ असें सांगतों. कानांस बहुधा शेवटपर्यंत ऐकूं येतें, म्हणून बोलत राहा, नांवानें हांक मारा, असेंही सांगतों. मग देह पुसून, केस विंचरून, धुतलेली चादर घालतों. घरचीं माणसें किती वेळ बसतील तितका वेळ त्यांस बसूं देतों. इतक्यांत सहा वाजतात, आणि शेजारच्या खाटेच्या औषधाची वेळ झालेली असते.