माल झाकणारी गाडी : ताडपत्री, पडदा की बंद डबा?

राजुरा भागात आपल्या कित्येक बांधवांचा गाडीचा धंदा आहे. कोणी बॉडी बांधतो, कोणी वेल्डिंग करतो, कोणी ताडपत्री शिवतो. नवी सपाट गाडी किंवा ट्रेलर घेताना या सर्वांसमोर एकच प्रश्न येतो : वर छप्पर कोणते घालावे? शेजाऱ्याने बंद डबा बांधला म्हणून आपणही बांधला, असे करू नये. चुकीची बॉडी गाडी आहे तोवर दर खेपेला तोटा देते.

आधी माल पाहा

गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथून सिमेंट निघते. सास्ती, पौनी, गोवरीच्या खाणींतून कोळसा निघतो. बल्लारपूरहून कागद जातो. सिमेंटचे पोते भिजले की आतला माल दगड होतो. कागदाचा रोल कडेने ओला झाला तरी नाकारला जातो. कोळसा भिजून वाया जात नाही; तो झाकायचा तो धूळ व खडे रस्त्यावर उडू नयेत म्हणून. तेव्हा तिघांना एकच छप्पर कसे चालेल?

दुसरी गोष्ट, माल चढतो कसा? कोळसा लोडर वरून टाकतो. लोखंड क्रेनने वरून उतरते. पोती हमाल पाठीवरून किंवा पट्ट्यावरून चढवितात. फळ्यांवर रचलेला माल फोर्कलिफ्ट बाजूने उचलते.

तीन प्रकार

१) कमानी व ताडपत्री : सर्वांत हलकी व स्वस्त. कमानी काढल्या की वरून कोणताही माल भरता येतो. मात्र बांधण्या-सोडण्यात वेळ जातो आणि ताडपत्री वरचेवर बदलावी लागते.

२) सरकता पडदा : वर पक्के छप्पर, दोन्ही बाजूंना जाड पडदे. बाजूने भरणे-उतरविणे झटपट होते. पण पडदा पाऊस अडवितो, माल धरून ठेवीत नाही. पट्ट्यांनी माल वेगळा बांधलाच पाहिजे, नाहीतर वळणावर पडद्यासह बाहेर येतो.

३) बंद डबा : पाऊस, धूळ, चोरी यांपासून उत्तम. पण माल फक्त मागच्या दाराने चढतो. क्रेनचा किंवा लोडरचा माल यात भरता येत नाही.

हिशेब पोत्यांत करा

सिमेंटचे पोते ५० किलोचे, म्हणजे २० पोत्यांचा एक टन. समजा, बंद डबा ताडपत्रीच्या बॉडीपेक्षा दीड टनाने जड आहे. दर खेपेला ३० पोती कमी चढली. महिन्याला १२ खेपा धरल्या तर ३६० पोती, म्हणजे १८ टनांचे भाडे गेले. फर्निचर, गाद्या किंवा प्लॅस्टिकचा माल नेणाऱ्याला ही झळ लागत नाही, कारण त्याची जागा आधी भरते, वजन नंतर.

ज्यादा भरून ही तूट काढू म्हणाल तर ते महागात पडेल. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन आणि जोड एक्सलची १९ वरून २१ टन केली. पण हे वजन गाडी, बॉडी, छप्पर व माल सर्व मिळून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार ज्यादा मालाला वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, शिवाय माल उतरविण्याचा खर्च वेगळा.

परतीचे भाडे विसरू नका

जाताना सिमेंट मिळेल, येताना काय? येताना सळई किंवा यंत्रसामग्री मिळत असेल तर बंद डब्याची गाडी रिकामी परतेल. ठरलेल्या मालधन्याचा तयार माल दोन्ही बाजूंनी असेल तरच डबा परवडतो. फोर्कलिफ्टने भरणारा कारखाना हाताशी असेल तर पडदा घ्यावा. बाकी राजुऱ्याच्या बहुतेक गाडीमालकांना चांगल्या कमानी आणि उत्तम ताडपत्री हीच बॉडी सोयीची आहे.

कारागिरांसाठी

ताडपत्री स्वस्त म्हणून ती कशीही बांधावी असे नाही. मधली कमान उंच ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. दोन ताडपत्र्या असतील तर आधी मागची टाका, मग पुढची तिच्यावर चढवा. वारा आणि पाऊस सांध्यात शिरत नाही. फळ्यांच्या फटींतून चाकांचे पाणी वर उडते, म्हणून पोत्यांखालीही प्लॅस्टिक अंथरा. जुन्या गाडीची बॉडी बदलायची असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या; कलम ५२ प्रमाणे ती लागते.

जुलै २०२२ मध्ये वर्धेला पूर आला आणि राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद पडला. अशा वेळी भरलेली गाडी पावसात उभी राहते आणि छपराची खरी परीक्षा होते. दुसऱ्याचा माल आपल्या गाडीत आहे तोवर ती आपल्याकडे दिलेली अमानत आहे. ती कोरडी पोचविली तर मालधनी पुढची खेप आपल्यालाच देईल.

म्हणून बॉडी बांधायला देण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा : जाताना कोणता माल, येताना कोणता, आणि तो चढतो कसा. उत्तर त्यातच सापडेल.