सॉफ्टवेअर फुकट, मग बनवणाऱ्याचं घर कसं चालतं?

मागच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर बघितलं. त्यानंतर कल्याणच्या बॅचमध्ये एकाने विचारलं, "सर, फुकट मिळतंय तर पैसे कशाला द्यायचे?"

हसू नका, मीही हेच बोललो होतो. डोंबिवलीत दुकान टाकलं तेव्हा एका मुलाने दोन दिवस बसून असंच सॉफ्टवेअर लावून दिलं, सगळा माल चढवला, आमच्या काउंटरवरच्या पोराला शिकवलं. चार हजार मागितले. मी म्हटलं, "अरे, सॉफ्टवेअर तर फ्री आहे ना?" आणि दोन हजारांवर आणलं. मार्चमध्ये स्टॉक जुळेना, तेव्हा त्याने फोन उचलला नाही. का उचलावा?

ओपन सोर्स म्हणजे कोड उघडा. कोणीही बघा, वापरा, बदला. पण जीपीएलसारख्या परवान्यातही पैसे घ्यायला मनाई नाही. पोह्यांची कृती घरोघरी माहीत आहे, तरी स्टेशनबाहेरच्या गाडीवर गर्दी असतेच ना?

आपल्या मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीचंच बघा. रुषभ मेहतांनी सुरू केलेली. त्यांच्या ईआरपीनेक्स्टमध्ये हिशेब, स्टॉक, खरेदी-विक्री सगळं आहे आणि कोड मोफत आहे. कमाई होते ती सर्व्हरवर चालवून देण्याच्या भाड्यातून आणि सपोर्टमधून. शिवाय ते बसवून देणाऱ्या इतर कंपन्यांचाही धंदा त्यावर चालतो.

पण हे जमतं कारण समोर गिऱ्हाईक उभं असतं. जो कोड आत कुठेतरी दडलेला असतो, त्याचं काय? ओपनएसएसएल हे वेबसाइट्सचं कुलूप म्हणा. 2014 मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाची मोठी चूक सापडली. तोवर त्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळायची साधारण 2,000 डॉलर! मग मोठ्या कंपन्या पैसे घेऊन धावल्या. छप्पर गळल्यावर ताडपत्री.

2024 मध्ये झिरोधाने अशा प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंतचा फंड काढला, एका प्रकल्पाला 10,000 ते 1,00,000 डॉलर. मला हे आवडलं. देणगीचं बटण म्हणजे टिप झाली, टिपवर घरभाडं निघत नाही. पण एका कंपनीच्या फंडावर तरी किती जण जगणार? वापरणाऱ्याने हा पैसा दान म्हणून नाही, वीजबिलासारखा खर्चात धरायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर बसवून द्यायचा धंदा करणार असाल, तर कोटेशन असं लिहा: सॉफ्टवेअर ₹0. त्याखाली बसवणं, शिकवणं आणि वर्षभराची देखभाल, प्रत्येकाचा वेगळा आकडा. गिऱ्हाईक घासाघीस करेलच, पण कशावर करतोय ते त्याला दिसेल. ज्यांचा कोड वापरता त्यांचाही वाटा याच आकड्यांत आधीच धरा. नंतर खिशातून निघत नाही, अनुभव आहे.

त्या मुलाचे उरलेले दोन हजार मी नंतर दिले आणि वर्षाचं एएमसी केलं. आता फेब्रुवारी संपला की त्याचाच फोन येतो.