इंग्रजी अर्जाविषयी दोन शब्द

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावचे एक वृद्ध बंधू एका पत्राची नक्कल घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा वारला होता. त्याच्या विम्याची रक्कम मिळावी म्हणून परप्रांतातील एका कंपनीस त्यांनी पैसे देऊन इंग्रजीत पत्र लिहवून धाडले होते; पाच महिने झाले, तरी उत्तर नव्हते. पत्र दोन पाने भरून होते. आरंभी ‘रिस्पेक्टेड सर’, मग ‘आय मोस्ट हंबली बेग टु स्टेट’, मग घरच्या दारिद्र्याचे वर्णन, आणि शेवटी ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’. पॉलिसीचा क्रमांक मात्र कोठेच नव्हता!

आपल्या जुन्या पत्रांत ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असा मायना घालून मग मजकुरास हात घालीत, व ते त्या पत्रांस शोभेही. परंतु इंग्रजी कचेरीच्या पत्रात वाचणाऱ्याचा वेळ न दवडणे हीच नम्रता होय. वर आपला पत्ता व तारीख, त्याखाली अधिकाऱ्याचा हुद्दा व पत्ता घालावा. मग ‘डिअर सर’; अधिकारी बाई असल्यास ‘डिअर मॅडम’. लगेच एका ओळीत विषय, व त्यातच क्रमांक. पहिल्याच वाक्यात आपले मागणे यावे. ‘डू द नीडफुल’, म्हणजे जरूर ते करावे, असे लिहिण्याची आपल्याकडे फार खोड आहे; पण जरूर ते कोणते, हे त्या कारकुनाने कसे ओळखावे? ‘प्लीज सेंड मी द क्लेम फॉर्म’ असे नेमके लिहावे. ‘डिअर सर’ने आरंभ केला असल्यास शेवटी ‘युअर्स फेथफुली’; नावाने संबोधिले असल्यास ‘युअर्स सिन्सिअरली’. ही इंग्लंडची रीत, व आपल्याकडे तीच चालते.

पण इंग्रजी हवीच कशाला, हेही आधी पाहावे. तहसील कचेरीच्या अर्जासाठीही कित्येक बंधू इंग्रजी लिहिणाऱ्यास पैसे मोजतात, याचे आम्हांस वाईट वाटते. १९६४ च्या कायद्याने महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे. शिवाय संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे आपले गाऱ्हाणे केंद्राच्या अधिकाऱ्याकडेसुद्धा मराठीत मांडण्याचा प्रत्येकास हक्क आहे. खाजगी कंपनीस हा अनुच्छेद लागू नाही. म्हणून त्या बंधूंस इंग्रजी लागली.

त्यांचे पत्र आम्ही सात ओळींत पुन्हा लिहिले, नक्कल ठेविली व पोस्टाची पावती तिला टाचली. तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा फॉर्म आला. त्यावर त्यांनी मराठीत सही केली.