पराभवाची आठवण

इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धाचा धडा आला, की आम्ही भिंतीवरील नकाशात मुलांना दोन ठिकाणे दाखवितो. एक तुर्कस्तानातील गॅलिपोली आणि दुसरे इराकातील टायग्रिस नदीकाठचे कुत. पहिल्या ठिकाणी ऑस्ट्रेलियाचे तरुण लढले, दुसऱ्या ठिकाणी आपल्या महाराष्ट्राचे. दोन्हीकडे पदरी अपयशच आले. परंतु एक पराभव राष्ट्राचा सण होऊन बसला आणि दुसरा विस्मृतीत गेला. असे का व्हावे?

ऑस्ट्रेलियातील सहा वसाहतींचे एक राष्ट्र झाले ते १९०१ साली. महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९१४ मध्ये, त्यांच्या तुकडीने जर्मनांच्या ताब्यातील न्यू गिनीत विजय मिळविला. तो विजय आज फारसा कोणी आठवीत नाही. आठवण राहिली ती २५ एप्रिल १९१५ ची. त्या पहाटे त्यांचे स्वयंसैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. आठ महिन्यांत आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन तेथे कामी आले आणि अखेर माघार घ्यावी लागली. तरीही वर्षभराने, २५ एप्रिल १९१६ रोजी, त्यांनी पहिला ‘अँझॅक दिन’ पाळला. संकटात एकमेकांना न सोडणारे ते आपण, अशी त्यांनी स्वतःची ओळख या पराभवातून घडविली.

आता योगायोग पाहा. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, कुत पडले. तेथे ‘पूना डिव्हिजन’ या नावाची फौज १४७ दिवस तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. धान्य संपत आले, घोडे कापून खाण्याची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस प्रथम नाकारले. गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील, ही त्यांना धास्ती. शेवटी सुमारे १३ हजार जण कैद झाले. वाळवंटातून चालत नेलेल्या त्या कैद्यांपैकी पुष्कळांना पुन्हा घर दिसले नाही.

या शिपायांना आपण का विसरलो? कारणे उघड आहेत. युद्ध परक्या राजाचे होते. समोर खलिफाची फौज असल्याने मुसलमान शिपायाच्या मनाची कोंडी वेगळीच होती. पुढे स्वातंत्र्याचा लढा पेटला, तेव्हा इंग्रजांसाठी लढलेल्यांचा गौरव करावा तरी कसा, असा प्रश्न लोकांना पडला असल्यास नवल नाही. मराठा रेजिमेंट आपला दिन पाळते तो ४ फेब्रुवारीला, १६७० मधील सिंहगडच्या विजयाचा. तेही योग्यच आहे.

तथापि एक गोष्ट आम्हांस खटकते. महाराष्ट्रातील कित्येक गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. गावातून इतके गेले, पैकी इतके मेले, एवढेच त्यांवर कोरलेले असते. साताऱ्याजवळील अपशिंगे गावचे ४६ जण कामी आल्याचे सांगतात. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र आकडा आहे. उलट कॅनबेरा येथील स्मारकात प्रत्येक मृताचे नाव आहे आणि नावापुढे हुद्दा नाही. मरणात सारे समान. गॅलिपोलीत बातमीदार म्हणून राहिलेल्या चार्ल्स बीन यांनी त्या स्मारकाची कल्पना मांडली आणि युद्धाचा इतिहासही लिहिला. आठवण आपोआप टिकत नाही. कोणीतरी बसून नावे लिहावी लागतात.

त्यांचेही सारे निर्दोष आहे असे नव्हे. तेथील मूळ आदिवासी शिपाईही त्या युद्धात लढले. परंतु राष्ट्राच्या कथेत त्यांना फार उशिरा जागा मिळाली. म्हणजे नावे लिहिताना कोणाचे राहिले, हेही तपासावे लागते.

वाचकहो, आपल्या कोसाडची वस्ती ठिकठिकाणांहून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची. गाव सुटले, की दोन पिढ्यांत आजोबा-पणजोबांचे नावही सुटते. आमच्या वर्गातील मुलांना आम्ही पणजोबांचे नाव विचारले, तेव्हा बहुतेकांनी माना खाली घातल्या. तो दोष मुलांचा नव्हे, आपला आहे. या महोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एक वही घालावी. कोण कोठून आले, काय काम केले, कोण पलटणीत होते, कोण गिरणीत होते, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. आजीचे नावही लिहावे. ते बहुधा राहून जाते. ट्रंकेत एखादे जुने पदक असेल, तर ते मुलांच्या हाती देऊन त्याची हकीकत सांगावी.

विजयाचे पोवाडे गाणारे पुष्कळ मिळतात. हरलेल्यांची आणि राबलेल्यांची नावे मात्र घरच्यांनीच जपावी लागतात.