मुळ्याच्या पानावरील काळी अळी व तिचे पाय

आश्विन-कार्तिकांत मुळा व मोहरी उगवून चार पानांवर आलीं, म्हणजे एखाद्या सकाळीं पानांना भोकें पडलेलीं दिसतात, आणि दोन-तीन दिवसांत कित्येक रोपांच्या नुसत्या शिरा उरतात. पान उलटून पाहतां काळसर हिरवी, अंगावर सुरकुत्या असलेली अळी सांपडते. शेतकरी म्हणतो, “पतंगाची अळी पडली,” व बाजारांतून पतंगाच्या अळीचें औषध आणतो. येथेंच पुष्कळदां पैसा व वाफा हीं दोन्हीं जातात. कारण ही अळी पतंगाची नव्हे, फुलपाखराचीहि नव्हे. ती करवती माशीची अळी होय.

माशी हें नांवहि खरें पाहतां चुकीचेंच. घरांतील माशीला पंख दोन, हिला चार. हिचें गोत्र मधमाशी, गांधीलमाशी व मुंगी ह्यांचें. परंतु त्या सर्वांची कंबर बारीक असते, आणि हिचें पोट छातीला सरळ जोडलेलें असतें. मादीच्या पोटाच्या टोंकाशीं करवतीसारखें बारीक हत्यार असतें. त्यानें ती पानाची कड चिरून आंत एक एक अंडें घालते. तें हत्यार पाहून मुलें भितात, पण ही माशी दंश करीत नाहीं.

आतां अळीची ओळख पाहूं. अळी पांढऱ्या कागदावर ठेवा, ती चालूं लागेपर्यंत थांबा, आणि तिचे पाय मोजा. छातीखालीं तीन जोड्या खऱ्या, सांधे असलेल्या पायांच्या असतात. त्या सर्वच अळ्यांना आहेत, म्हणून त्यांवरून निवाडा होत नाहीं. पाहावयाचे ते त्यांच्या मागचे, पोटाखालचे मांसल बोथट पाय. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला अशा जोड्या फार तर पांच असतात : चार मध्यें व एक अगदीं शेवटीं. उंटअळीला तर त्याहूनहि कमी. मोहरीच्या ह्या काळ्या अळीला मात्र आठ जोड्या असतात. मोजतांना घोटाळा वाटल्यास दुसरी खूण घ्यावी. छातीचे पाय संपल्यावर पतंगाच्या अळीचे दोन वेढे बिनपायांचे जातात, मग मांसल पाय लागतात. करवती माशीच्या अळीचा एकच वेढा मोकळा असतो. जवळ भिंग असेल तर डोकेंहि पाहावें. हिच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूस एकच डोळा ठिपक्यासारखा दिसतो. पतंगाच्या अळीला बहुधा सहा बारीक डोळ्यांचा पुंजका असतो.

वागणुकीवरूनहि पुष्कळ कळतें. कोबीवर चौकटी पाठीच्या पतंगाची लहान हिरवी अळी असते. तिला डिवचलें तर ती वळवळत मागें सरते आणि तंतूला लोंबकळते. आमची काळी अळी हात लागतांच वेटोळें करून जमिनीवर पडते व मेल्याचें सोंग घेते. तिच्या पाठीवर पांच काळे पट्टे असतात, पण वाळलेल्या चिखलानें अंग माखलें असतां ते दिसत नाहींत. म्हणून रंगापेक्षां पायांवर भरंवसा ठेवावा हें बरें.

इतकी बारकाई कशाला, असें कोणी विचारील. बी. टी. नांवाची जिवाणूंची भुकटी आजकाल कोबीवर मारतात. तिचा जो प्रकार सर्वत्र विकला जातो, तो फुलपाखरें व पतंग ह्यांच्याच अळ्यांना मारतो. करवती माशीच्या अळीवर तो कितीहि फवारला तरी ती खातच राहते. मग शेतकरी दुकानदाराला खोटा ठरवितो. औषध खोटें नसतें, रोगी निराळा असतो.

हिच्या सख्ख्या बहिणीहि आहेत. आपल्याकडील जातीला शास्त्रांत अथालिया प्रॉक्सिमा म्हणतात. कित्येक पुस्तकांत अथालिया लुगेन्स प्रॉक्सिमा असें लांब नांव आढळतें, पण किडा तोच. माशी नारिंगी पिवळी, डोकें काळें, पंख धुरकट व त्यांच्या शिरा काळ्या. युरोपांतील सलगमावर पडणारी अथालिया रोझी हिच्यासारखीच नारिंगी असते. तिच्या छातीच्या पाठीवर दोहों बाजूंस काळे डाग असतात आणि पुढच्या पंखांची कड काळी असते. इंग्लंडांतील नॉरफोक परगण्यांत तिच्या अळ्यांनीं सलगमाची शेतेंच्या शेतें ओसाड केलीं, त्याचा वृत्तांत विल्यम मार्शल ह्यांनीं 1783 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत दिला. तेथील शेतकऱ्यांनीं अळ्या वेंचण्यासाठीं शेतांत बदकें सोडलीं. पुढें 1838 सालीं जॉर्ज न्यूपोर्ट ह्यांनीं तिच्या शरीररचनेवर निबंध लिहिला. अळ्यांच्या अवस्थेंत ह्या बहिणी एकमेकींपासून ओळखणें तज्ज्ञांसहि जड जातें. आपल्याला त्याची गरज नाहीं, कारण दोघींवर उपाय एकच.

तो उपाय स्वस्त आहे. अळ्या सकाळीं व सायंकाळीं पानांवर खातात, आणि दुपारीं मातींत दडतात; म्हणून दुपारीं शोधणें व्यर्थ. सकाळीं रोपाखालीं सूप धरून रोप हलवावें. मेल्याचें सोंग करणारी अळी आपण होऊन सुपांत पडते. ती रॉकेल घातलेल्या पाण्यांत टाकावी. रोपें लहान असतां वाफ्यांत भरपूर पाणी सोडल्यास पुष्कळ अळ्या बुडून मरतात. वेंचून आवरेनात तर निंबोळीचा अर्क फवारावा, व तो सायंकाळीं. कारल्याच्या बियांच्या तेलाचें पाण्यांत घोटलेलें मिश्रण पानांवर असलें, तर अळ्या तें पान खाण्याचें टाळतात.

अळी पूर्ण वाढली म्हणजे मातींत शिरून कोष करते. कोषाला आंतून असें कांहीं अस्तर असतें कीं त्यांत पाणी जात नाहीं. म्हणून नंतर वाफा भिजवून कांहीं साधत नाहीं. कोष उघडे पडावयाचे ते नांगरानें. पीक निघाल्यावर चैत्र-वैशाखांत तो तुकडा खोल नांगरून उन्हांत पडूं द्यावा, आणि पुढील आश्विनांत मुळा, मोहरी किंवा कोबी त्याच जागीं न लावतां मेथी लावावी.