पडद्यावरील चित्र आणि मुलाची स्वतःची रेषा

(इयत्ता ४ थी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी)

प्राथमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात ‘देखावा काढा’ असे सांगितले असता बहुतेक कागदांवर एकच चित्र उमटते, हा आपणां सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून उगवणारा सूर्य, वळणे घेत खाली येणारी नदी आणि तिच्या काठी एक कौलारू घर. अकोले तालुक्यातील मुलाला डोंगर परके नाहीत, हे खरे; परंतु कळसूबाई काही त्रिकोणी नाही. आणि नेवाशाच्या सपाट काळ्या रानात वाढलेले मूल हेच दोन डोंगर काढते, तेव्हा ते त्याने पाहिलेले नसून कोठून तरी उतरविलेले असते, हे उघड आहे.

शाळांतून संगणक व टॅबलेट येऊ लागल्यावर ही अडचण कमी होण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. पडद्यावर झाड, ढग, घर हे सर्व तयार मिळते. शेकडो कुंचले मिळतात. आता तर एक वाक्य लिहिले की संपूर्ण चित्र करून देणाऱ्या यंत्रणाही आल्या आहेत. अशा विपुलतेत मुलाची स्वतःची रेषा कोठून यावी? कुंचल्यांच्या यादीतून शैली निवडता येते, असा समज मुलांचाच नव्हे, तर मोठ्यांचाही होतो. वस्तुतः शैली म्हणजे पाहण्याची व वगळण्याची सवय होय. आणि सवय ही एकच गोष्ट पुनःपुन्हा केल्यानेच लागते.

याचे फार जुने उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. हुसेन निजामशहा पहिला याच्या स्तुतिपर आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचिले. १५६५ च्या सुमारास सिद्ध झालेली त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे व तीत १२ चित्रे शिल्लक आहेत. या चित्रकारांनी इराणी चित्रपद्धतीपासून पुष्कळ घेतले. परंतु त्यांनी काढलेल्या स्त्रिया चोळी-लुगड्यातील आहेत, आणि एका चित्रात तर स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष फुलतो हा दोहदाचा भारतीय संकेत आला आहे. दुसऱ्याकडून शिकणे व आपल्या भोवतीचे पाहणे या दोहोंच्या मिलाफातून अहमदनगरची शैली निपजली. तिला आपण आज ‘अहिल्यानगरची’ म्हणू. रेषा तीच आहे.

आधुनिक काळातील उदाहरणे तर घरोघरीच्या जुन्या दिवाळी अंकांतून सापडतील. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांचे चित्र सही झाकूनही ओळखू येते. वसंत सरवटे (१९२७–२०१६) व्यवसायाने अभियंता. ‘बटाट्याची चाळ’ वाचताना त्यांच्या रेषेखेरीज चाळ डोळ्यांपुढे येत नाही. शि. द. फडणीस यांची हास्यचित्रे शब्दांवाचून बोलतात, आणि त्यांच्याच चित्रांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतून असंख्य मुलांची आकड्यांची भीती घालविली. साधने सर्वांची जवळपास सारखीच होती : कागद, शाई, रंग. भिन्न होते ते पाहणे.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. बहुतेक शाळांत मुले चाळीस व टॅबलेट दोन, अशीच स्थिती असते. म्हणून चित्र प्रथम कागदावर पेन्सिलीने काढवावे. त्याचे छायाचित्र टॅबलेटवर घेऊन खालच्या थरावर फिकट करून ठेवावे व वरच्या थरावर मुलाने आपली रेषा ओढावी. संगणक असल्यास ‘क्रिता’ ही विनामूल्य प्रणाली या कामी उत्तम आहे. पहिले काही आठवडे एकच कुंचला, काळा आणि आणखी दोन रंग, एवढेच द्यावे. रेषा आपोआप गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती चाळीस मुलांच्या चाळीस रेषा एकसारख्या करून टाकते. चित्र फार मोठे करून पाहू देऊ नये; मूल एका पानाच्या शिरा रंगवीत बसते आणि झाड हातचे जाते. मुले ज्याला ‘अंडू’ म्हणतात, ती रेषा मागे घेण्याची सोयही आरंभी वर्ज्य करावी. हे कित्येकांना जाचक वाटेल. परंतु चुकलेली रेषा तेथेच ठेवून शेजारी दुसरी काढली, तर आपला हात कोठे वळतो हे मुलाला दिसते. हाताची ओळख झाल्यावर सर्व सोयी खुशाल खुल्या कराव्यात.

विषय मात्र एकच व जवळचा असावा. शाळेपुढचा हापसा घ्या. तो दहा वेळा काढवावा, आणि प्रत्येक वेळी एक तपशील गाळावयास सांगावा. दहाव्या चित्रात एका मुलाने केवळ दांडा व पाण्याची धार ठेवलेली असेल, दुसरीने रांगेतल्या घागरी ठेवून हापसाच गाळला असेल. येथे शैलीचा जन्म होतो, आणि तो शिक्षकाने ओळखला पाहिजे. मधल्या काळात दलालांचे व सरवट्यांचे एकेक चित्र समोर ठेवून त्यांनी हा हापसा कसा काढला असता, असेही विचारावे. नक्कल करणे हे पाप नाही. तेथेच थांबणे अहितकारक.

पाथर्डी, शेवगाव या भागांतील कित्येक मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन महिनोन् महिने शाळेबाहेर असतात. परतल्यावर ती वाचनात मागे पडलेली दिसतात, त्यामुळे आपणांस काही येत नाही असे ती धरून चालतात. त्यांना कोपी काढावयास सांगावे : पाचटाचा उतार, दाराशी पडलेला कोयता, वाढ्यांचे भारे, पहाटे जुंपलेली टायरगाडी. गाडीची मोळी कशी रचतात, हे वर्गात त्यांच्याइतके कोणी पाहिलेले नसते, बहुधा शिक्षकानेही नाही. अशा चित्राला तयार घर व तयार झाड चिकटवू देऊ नये. आणि कोपी वाकडी आली म्हणून ती सरळ करूनही देऊ नये.

गुण देताना नमुना-चित्राशी तुलना टाळावी. प्रत्येक चित्र मुलाचे नाव व दिनांक घालून जतन करावे, जुने पुसून त्याच जागी नवे ठेवू नये. वर्षाअखेर जूनमधला हापसा व एप्रिलमधला हापसा पडद्यावर शेजारी शेजारी लावून, दोन्हींत काय तेच राहिले आहे, हे त्या मुलालाच सांगू द्यावे.