हिशेबाच्या वहीचे वाढते भाडे

इतवाऱ्यातील आमच्या पेढीत दिवाळीच्या वहीपूजनाला आजही लाल कापडी बांधणीची एक कीर्द मांडली जाते. ती घेताना एकदाच पैसे पडतात. भरली म्हणजे ती आमच्याच कपाटात जाते, आणि तीस वर्षांपूर्वीचे पान पाहावयाचे झाले तरी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. परंतु सभासद बंधूंना ठाऊकच आहे की, पेढीचा खरा हिशेब आता त्या वहीत राहिलेला नाही. तो संगणकात गेला आहे, आणि संगणकातील ह्या वहीचे भाडे वर्षागणिक चढत चालले आहे. ते का चढते, त्यातील किती देणे न्याय्य आहे आणि धान्याच्या लहान पेढीने ते आटोक्यात कसे ठेवावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. संगणकशास्त्रात आमचा अधिकार नाही. आम्ही बोलतो ते बिल भरणाऱ्याच्या बाजूने.

आरंभी ह्या विद्येचा मार्ग निराळा होता. आपल्यापैकी बहुतेकांस परिचित असलेले टॅली हे सॉफ्टवेअर १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत गोयंका ह्यांनी बंगळूर येथे काढलेल्या प्यूट्रॉनिक्स ह्या कंपनीतून निघाले. गोयंकांचा व्यवसाय गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरविण्याचा होता, आणि त्याच्या हिशेबाला मनाजोगे साधन मिळेना म्हणून ते घरीच घडविले गेले. म्हणजे व्यापाऱ्याच्या गरजेतूनच ते जन्मास आले. त्या काळी सॉफ्टवेअर एकरकमी विकत घेण्याचा प्रघात होता. पुढे जगभर वारे पालटले. अडोबी ह्या अमेरिकन कंपनीने २०१३ मध्ये आपली चित्रांची व छपाईची नवी सॉफ्टवेअरे केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, आणि इतरही अनेक त्याच वाटेने गेले. आजमितीस बाजारात दोन्ही तऱ्हा आढळतात. एका तऱ्हेत मूळ परवाना कायमचा असून नव्या सुधारणांसाठी वार्षिक नूतनीकरण भरावे लागते. ते न भरले तर सुधारणा व जोडसेवा थांबतात, पण जुनी वही उघडत राहते. दुसऱ्या तऱ्हेत सर्वच भाड्याचे. पैसे थांबले की वही मिटली. खरेदीच्या वेळी हा एकच प्रश्न विचारला तरी निम्मे काम झाले, असे आमचे मत आहे.

बुऱ्हाणपुरात राहणाऱ्यास हा भेद समजावयास कठीण नाही. आपला कुंडी भंडारा सतराव्या शतकाच्या आरंभी, जहांगीरच्या अमदानीत खोदला गेला, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी उताराने आपोआप शहरात येऊ लागले. टँकरचे पाणीही पाणीच असते; मात्र टँकरवाल्याचा हिशेब दर फेरीस होतो. तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या कुंड्यांतही चुना साचला, निगा राहिली नाही तेव्हा पाणी कमी झाले. तद्वत् एकदा विकत घेतलेले सॉफ्टवेअरही निगेवाचून चालत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, त्यानंतर नियम कितीदा बदलले ह्याची मोजदाद आमच्या मुनीमजींनीही सोडून दिली आहे. प्रत्येक बदलाबरोबर सॉफ्टवेअर बदलणारा कोणी बसलेला असतो आणि त्यालाही मजुरी पाहिजे. यास्तव वर्गणी म्हणजे निव्वळ लूट, ही काही बंधूंची भाषा आम्हास मान्य नाही.

आता आकड्यांकडे वळू. समजा, वर्गणी आज ६,००० रुपये आहे आणि ती दरसाल शेकडा दहाने वाढते. वाढ किरकोळ वाटते. कोणी तक्रारही करीत नाही. परंतु आठव्या वर्षी तीच ११,६९२ रुपये होते, आणि आठ वर्षांत पेढीतून ६८,६१५ रुपये गेलेले असतात. धान्याच्या व्यापाऱ्याने हा आकडा रुपयांत न वाचता क्विंटलात वाचावा. सर्व खर्च जाता क्विंटलमागे दहा रुपये उरतात असे धरले, तर आठव्या वर्षीच्या त्या एका वर्गणीसाठी सुमारे १,१७० क्विंटल माल तोलून, हमाली देऊन, गाडीत भरून रवाना करावा लागतो. आणि वर्गणी एकच कोठे असते? बिलांची एक, साठवणुकीची एक, निरोप पाठविण्याची एक, व्हायरसपासून बचावाची एक. आम्ही गेल्या वर्षी बँकेचे उतारे समोर घेऊन यादी केली तेव्हा सात नावे निघाली. त्यांपैकी दोन कशासाठी घेतली होती हे पेढीत कोणासही सांगता येईना, आणि ज्या सॉफ्टवेअरचे पाच जणांचे पैसे भरत होतो त्यावर प्रत्यक्षात दोघेच बसत होते!

ह्यापेक्षा मोठी गोष्ट कराची आहे, आणि ती आपल्या धंद्यापुरती विशेष आहे. सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर १८ टक्के कर लागतो. १२,००० रुपयांचे बिल १४,१६० रुपयांचे होते. सामान्य पद्धतीने कर भरणाऱ्या कापडाच्या व्यापाऱ्यास वरचे २,१६० रुपये आपल्या विक्रीवरील करातून वजा करून मिळतात. सुट्या धान्याच्या व्यापाऱ्यास ते मिळत नाहीत, कारण ज्या मालाची विक्रीच करमुक्त आहे त्याच्यासाठी केलेल्या खर्चावरील कराची वजावट कायदा देत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या व लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के कर आहे. त्याहून मोठी पोती व सुटा माल करमुक्तच आहेत. जो दोन्ही विकतो त्यास वजावट प्रमाणात मिळते. सबब शेजारच्या कापडवाल्याने अमुक सॉफ्टवेअर स्वस्त म्हटले म्हणून आपल्यालाही ते स्वस्त पडेल असे नाही. आपण दराची तुलना नेहमी करासह करावी.

त्याच कायद्याची दुसरी बाजू आपल्या हिताची आहे, पण विकणारा ती सांगत नाही. विक्रेते येतात ते भीती घेऊन येतात. "शेठजी, पाच कोटींच्या वर गेलात, आता ई-इनव्हॉइसवाला मोठा प्लॅन घ्यावाच लागेल." १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा पाच कोटी आहे हे खरे, आणि उलाढाल मोजताना करमुक्त विक्रीही धरली जाते हेही खरे. परंतु ई-इनव्हॉइस काढावयाचे ते करपात्र मालाचे, तेही व्यापाऱ्याने व्यापाऱ्यास विकलेल्या. सुट्या गव्हाचे नव्हे. करमुक्त धान्याच्या वाहतुकीस ई-वे बिलही लागत नाही. मंडीचे अनुज्ञापत्र ही स्वतंत्र बाब आहे, ती टळत नाही. ज्याची महिन्याला पाच-दहाच करपात्र बिले निघतात, त्यास सरकारी संकेतस्थळावर ती विनामूल्य काढता येतात. तेथे ई-वे बिलासही पैसे पडत नाहीत. तसेच प्रत्येक नोंदीच्या फेरफाराचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर वापरण्याची १ एप्रिल २०२३ पासूनची सक्ती कंपन्यांसाठी आहे. मालकीच्या वा भागीदारीच्या पेढीस ती लागू नाही. आम्ही स्वतः ह्या भीतीपोटी एक वर्ष जादा पैसे भरले आहेत, म्हणून एवढ्या विस्ताराने लिहीत आहोत. आपल्या सीएंना विचारल्यावाचून कोणीही वरची पायरी चढू नये.

आता आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. चैत्राचा दुसरा आठवडा होता, गहू व हरभऱ्याची आवक जोरात होती. सकाळी संगणक उघडला तो वर्गणीची मुदत संपल्याची पाटी समोर. बाहेर दोन गाड्या भरून उभ्या, ड्रायव्हर कागद मागतो आहे, आणि मागील सर्व खाती पडद्यामागे बंद. फोन केला, दर बदलला असल्याचे कळले. भाव करण्याची ती वेळ नव्हती. मागितले तेवढे दिले. दोष त्या कंपनीचा म्हणावा तर मुदतीची तारीख बिलावर छापलेली होती. आम्हीच ती वाचली नव्हती. त्या वर्षीच आषाढात आम्ही थोडे जादा महिने भरून नूतनीकरणाची तारीख चातुर्मासात आणून ठेवली. त्या दिवसांत आवक मंदावते, मुनीमजींना उसंत असते, दुसऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षाही घेता येते. आणि ज्याला घाई नाही त्याच्याशी विक्रेताही नरमाईने बोलतो.

त्या सकाळी खरी भीती वाटली ती पैशांची नव्हे, बंद खात्यांची. कायद्याने हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. २०२३-२४ सालच्या विवरणाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या सालच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखविता आल्या पाहिजेत. भाडे कोणास दिले वा थांबविले, ही जबाबदारी आपलीच राहते. ज्याची खाती दुसऱ्याच्या कुलुपात, त्याला दर नाकारता येत नाही. वाढत्या भाड्याचे मूळ बहुतांशी येथे आहे. म्हणून दर महिन्याच्या अखेरीस रोजमेळ, खतावणी व विक्री-खरेदीची यादी अशा रूपात काढून घ्यावी की ती कोणत्याही साध्या तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. लिब्रेऑफिससारखे साधन त्यासाठी फुकट मिळते. केवळ त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा बॅकअप म्हणजे किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलेली तिजोरी होय. एक प्रत पेढीत, एक घरी ठेवावी, आणि वर्षअखेरीची खतावणी कागदावर छापून बांधून घ्यावी.

काही तरुण बंधू ह्या सर्वावर सोपा उपाय म्हणून 'क्रॅक' प्रत वापरतात. त्याविषयी दोनच वाक्ये. न दिलेले घेणे ह्याला आपल्या शास्त्रात अदत्तादान म्हणतात, आणि तिसरे अणुव्रत त्याच्याच त्यागाचे आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस शिरून सगळी खाती कुलूपबंद होण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांकडेही लक्ष असावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती सूचना बहुधा ज्या मुलाच्या मोबाइलवर जाते तो कॉलेजात असतो. पेढीच्या वर्गण्यांची सूचना पेढीच्याच क्रमांकावर यावी. यूपीआयवर दिलेल्या स्वयंचलित परवानग्या त्याच ॲपमध्ये पाहता व रद्द करता येतात.

संघाकडे आमची एक विनंती आहे. पन्नास पेढ्या एकाच सॉफ्टवेअरसाठी एकाच विक्रेत्याकडे पन्नास वेगळ्या दरांनी जातात. बारदान व सुतळी आपण एकत्र घेऊन पाहिली आहे. वर्गणीचाही एकत्रित भाव आषाढात मागून पाहावा. त्यासाठी प्रत्येकाने एका कागदावर सॉफ्टवेअरचे नाव, वापरणारी माणसे, करासह रक्कम व मुदतीची तारीख एवढे लिहून कार्यालयात द्यावे. आमचा कागद तयार आहे. सातांपैकी त्यावर आता चारच नावे आहेत, पाच जणांच्या जागी दोघांचे पैसे भरतो, आणि तो कागद लाल कीर्दीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवला आहे.